सासूबाईंच्या स्वेटरचा रंग

घरात प्रिंटर असताना फोटो मोठा करायला स्टुडिओत कशाला जायचं, एवढंच मी जेवता जेवता म्हणालो. जेवता जेवता मी बरंच काही म्हणत असतो. बायको त्यातलं काही मनावर घेत नाही (बरंचसं ऐकतही नाही), म्हणून आमचा संसार सुरळीत चाललाय. पण त्या दिवशी जेवायला सासरे होते, आणि सासरे ऐकतात.

सासरे जन्मभर वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा तुकडा त्यांना म्हणे दुकानाच्या पायरीवरून दिसायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झालेली नाही. मी पाणीपुरवठा खात्यातला कारकून. लोकांना पाण्याची बिलं पाठवतो. सासरे माझ्याकडे पाहतात तेव्हा आपण वजनात थोडे कमी भरतोय असं मला वाटत राहतं.

"घरी जमेल?" त्यांनी विचारलं.

इथे मी "बघू" म्हणालो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी म्हणालो, "न जमायला काय झालं, बाबा? माझा मॉनिटर कॅलिब्रेटेड आहे. स्क्रीनवर जो रंग, तोच कागदावर."

यातलं काहीच खरं नव्हतं. कॅलिब्रेशन हा शब्द मी त्याच आठवड्यात डीपीच्या तोंडून ऐकला होता. डीपी म्हणजे आमच्या ऑफिसातला हिशेबनीस. सगळ्या ऑफिसचे डीपी तोच काढतो, म्हणून त्याचं नावच डीपी पडलं. त्याच्या मते जगातले सगळे मॉनिटर खोटं बोलतात आणि ते त्यांना यंत्र लावून कबूल करायला लावावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सासरे फोटो घेऊन आले. दोन पुठ्ठ्यांच्या मधे फोटो, वर पाकीट, पाकिटाला रबर. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले, त्यामुळे कॅमेरा दिसला की त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. सगळ्या अल्बमभर त्या फोटोग्राफरला रागावल्यासारख्या दिसतात. हा एकच फोटो वेगळा. घराच्या पायरीवर बसल्यात, अंगात स्वेटर, कुणीतरी काहीतरी बोललंय आणि ओठ मिटायच्या आत हसू फुटलंय.

"पलंगासमोरच्या भिंतीवर लावायचाय," सासरे म्हणाले. "पुढच्या रविवारी जेवायला येतो, तेव्हा दोन्ही नेईन. हाही आणि मोठाही."

"फोटो काय जपलाय तुम्ही," मी म्हणालो. खरंच, इतक्या वर्षांत कागदाला एक सुरकुती नव्हती.

"जपावं लागतं," ते म्हणाले.

सोमवारी मी डीपीकडून कॅलिब्रेटर मागून आणला. मुठीएवढं काळं यंत्र. ते वायरीनं मॉनिटरवरून लोंबत सोडायचं, मग ते भिंतीवरच्या पालीसारखं काचेला चिकटून बसतं आणि त्याच्या पोटाखाली लाल, हिरवे, करडे रंग एकामागून एक उमटत राहतात. मी खिडकीचा पडदा ओढून, दिवा बंद करून, श्वास रोखून समोर बसलो होतो (श्वास रोखायची गरज नसते, हे डीपीनं नंतर सांगितलं). काम संपल्यावर स्क्रीन आधीपेक्षा मंद आणि जरा पिवळट झाली.

बायको दारातून डोकावली. "हिला कावीळ झाली का?"

"हाच खरा पांढरा रंग आहे. इतके दिवस आपण निळसर पांढरा बघत होतो."

"इतके दिवस काही अडलं नव्हतं," ती म्हणाली आणि गेली.

मग मी फोटो स्कॅन केला. सासूबाई स्क्रीनभर हसल्या. बायको पुन्हा आली, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोललो नाही. लग्नानंतर आम्ही दोघं एकाच वेळी गप्प बसल्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

"चांगला काढा हं," शेवटी ती म्हणाली. एरवी माझ्या छंदांबद्दल ती इतक्या हळू आवाजात बोलत नाही.

पहिली प्रिंट काळवंडलेली आली. सासूबाई दुपारच्या पायरीवरून थेट संध्याकाळच्या पायरीवर जाऊन बसल्या. डीपीला फोन केला तर तो म्हणाला, "स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. ब्राइटनेस अजून उतरव." उतरवला. दुसरी प्रिंट जांभळी आली. नुसता स्वेटर नाही, पायरी, केस, हनुवटी, सगळंच.

बायकोनं ती हातात घेतली. "आई शेवटच्या आजारातसुद्धा अशी दिसत नव्हती."

पुन्हा डीपी. "रंग दुरुस्त कोण करतंय? तू का प्रिंटर?"

"दोघंही."

"मग कसं व्हायचं? भाजीत दोघांनी मीठ घातल्यासारखं झालं ते. प्रिंटरचं बंद कर."

बंद केलं. तिसरी प्रिंट बरी होती, पण स्क्रीनवरचा स्वेटर डाळिंबी आणि कागदावरचा चॉकलेटी. असं करत करत आठवडा सरत आला. रोज ऑफिसातून आलो की हात धुवायचे आणि प्रिंटरसमोर बसायचं. अस्सल फोटो शेजारी हवाच, म्हणून तो मी फोटो पेपरच्या गठ्ठ्यावर ठेवायचा. तिथे हाताशी राहतो, दिसतो, धक्का लागत नाही. (जागा निवडताना मी किती विचार केला होता, हे आठवलं की आजही घाम फुटतो.)

शुक्रवारी संध्याकाळी डीपीनं स्वतःहून फोन केला. "अख्खा फोटो काढू नकोस. आधी रंगांच्या चौकटींची पट्टी काढ, कुठला रंग घसरतोय ते कळेल." फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून मी एका हातानं माउस हलवला, दुसऱ्या हातानं गठ्ठ्यातले वरचे कागद उचलून प्रिंटरच्या मागच्या खाचेत लावले आणि बटण दाबलं.

प्रिंटरनं कागद ओढला तो आवाज नेहमीचा नव्हता. नेहमी तो कागद सर्रकन गिळतो. आता जरा चावल्यासारखं केलं.

"आली का पट्टी?" डीपीनं विचारलं.

पट्टी आली होती. रंगीत चौकटी दोन ओळींत अगदी सरळ, एकसारख्या. त्यांच्या खाली डाळिंबी स्वेटर होता. आणि चौकटींच्या मधल्या फटींतून सासूबाईंचा एक डोळा माझ्याकडे बघत होता.

"अरे, आली का?"

"आली," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

माणसाचं डोकं अशा वेळी चालत नाही असं म्हणतात. माझं चाललं, हेच वाईट झालं. शाई त्या गुळगुळीत कागदात मुरली नव्हती, थेंबाथेंबानं वर तरंगत होती. म्हणजे पुसता येईल. प्रथमोपचाराच्या डब्यातून कापूस आणि स्पिरिट आणलं. पहिल्या फटक्यात निळी चौकट निघाली आणि मला देव आठवला. दुसऱ्या फटक्यात लाल चौकट निघाली नाही, पसरली. मी जरा जोर दिला. तेव्हा लाल रंग निघाला आणि त्याच्याबरोबर फोटोचा थरही सोलवटून आला, ओठांच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत. जगातल्या ज्या एकाच कागदावर सासूबाई हसत होत्या, त्यावरचं हसू माझ्या बोळ्याला लागलं होतं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आत आली. माझ्या हातातला लाल बोळा बघून तिनं कप टेबलावर टेकवला.

"कुठे लागलं?"

"मला नाही लागलं."

"मग कुणाला?"

मी बोळा खाली ठेवला. "आईंना."

ती पुढे आली आणि तिनं पाहिलं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण ती खुर्ची ओढून शांतपणे बसली. फोटो उचलला नाही, त्याला हातही लावला नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. ती ओरडली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

"मुद्दाम नाही गं झालं," मी म्हणालो.

"मुद्दाम तुमच्याकडून काहीच होत नाही," ती म्हणाली. मग उठली. "बाबांना आत्ताच सांगते. रविवारी जेवणाच्या ताटावर सांगण्यापेक्षा आत्ता बरं."

तिनं फोन लावला. स्पीकरवर नव्हता, तरी सासऱ्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "बरं झालं तू फोन केलास. मी आज खिळा मारून घेतला. पलंगावर आडवं पडल्यावर बरोबर समोर येतो. तू लहान असताना त्या पायरीवर बसायचीस ना, आठवतं तुला?"

"आठवतं, बाबा," बायको म्हणाली. तिनं अजून दोन-तीनदा "हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

"सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"नाही." तिनं डोळे पुसले. "तुमचा तो स्कॅन धड आहे ना? मग अगदी असाच छापा. ह्याच मापाचा, ह्याच रंगाचा. त्यांना कळता कामा नये."

म्हणजे आता मामला मोठ्या फोटोचा राहिला नव्हता. आता हुबेहूब अस्सल बनवायचा होता, आणि तो दाखवायचा होता कुणाला, तर ज्यांनी सगळी नोकरी नकली वजनं पकडण्यात घालवली त्यांना.

शनिवार अख्खा त्यात गेला. चेहरा गेला होता, पण स्वेटर शाबूत होता, त्यामुळे रंग जुळवायला तेवढा आधार होता. मी प्रिंट काढायची, बायकोनं ती आणि मूळ फोटो घेऊन खिडकीशी जायचं, मग दिव्याखाली यायचं. खिडकीशी जुळलं तर दिव्याखाली बिघडायचं. दिव्याखाली जुळलं तर खिडकीशी स्वेटर करपलेला दिसायचा. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. त्याचा वास येत होता, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"लाल कमी करा."

"कमी केलं तर तपकिरी होईल."

"मग थोडंच कमी करा."

"थोडंच म्हणजे किती?"

"मीठ घालताना विचारता का किती? घाला अंदाजानं."

मधेच ती खिडकीपाशी थबकली. "अहो, एक सांगू? हा स्वेटर असा नव्हता. विटकरी होता. आई हाच घालून मला शाळेतून न्यायला यायची. लांबून विटकरी दिसायचा."

"फोटोत डाळिंबी आहे. स्क्रीनवरही डाळिंबी आहे."

"असेल. पण मला आठवतंय."

"आठवण कॅलिब्रेट केलेली नसते," मी म्हणालो. वाक्य चांगलं जमलं होतं. त्यावर तिनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की पुढच्या बऱ्याच प्रिंटा मी न बोलता काढल्या.

दुपार कलताना एक प्रिंट आली. बायको ती घेऊन खिडकीशी गेली, दिव्याखाली आली, परत खिडकीशी गेली. मग दोन्ही फोटो टेबलावर ठेवून तिनं आपले हात मागे घेतले, जणू पत्त्यांचा बंगला उभा राहिलाय. स्क्रीन, जुना फोटो, नवी प्रिंट, तिन्हीकडे तोच डाळिंबी. आम्ही हसलो नाही. मी लगेच मोठी प्रत काढली, तीही तशीच उतरली. खराब झालेला फोटो बायकोनं रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. फेकून द्यायचा तिला धीर झाला नाही आणि सुचवायचा मला झाला नाही.

रविवारी सासरे वेळेवर आले. (ते कधीच उशिरा येत नाहीत. त्या दिवशी तरी आले असते तर मला तेवढाच वेळ मिळाला असता.) त्यांनी आल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन हातपाय धुतले, टॉवेल घेतला, बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दाखवा."

मी आधी मोठा फोटो दिला. वाटलं, त्यातच रमतील. त्यांनी तो हात लांब करून धरला, चष्मा वर केला, खाली केला. बायको स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती तांब्या आणतही नव्हती आणि ठेवतही नव्हती.

"हं," सासरे म्हणाले आणि तो बाजूला ठेवला. "आणि माझा?"

मी दोन पुठ्ठ्यांमधून आमची करामत काढून दिली. त्यांनी ती घेतली आणि उठून खिडकीशी गेले. खिडकीशी आम्ही पास झालो होतो. तिथून ते दिव्याखाली आले. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर प्रत्येक पाऊल टाकत होतो. दिव्याखालीही काही झालं नाही. त्यांनी फोटो पुठ्ठ्यात परत ठेवला आणि मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

मग त्यांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला.

अंगठा डाळिंबी झाला होता. हात नीट पुसले गेले नसावेत. घरगुती शाई ती, पाणी लागलं की सुटते. सासऱ्यांनी अंगठा पाहिला, फोटो पुन्हा काढला, फोटो पाहिला आणि मग मला पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले. एरवी ते मला नुसतं "तुम्ही" म्हणतात. "या स्वेटरनं इतक्या वर्षांत कधी रंग सोडला नव्हता."

बायकोनं तांब्या खाली ठेवला, कपाट उघडलं आणि रुमाल आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलगडला. सोलवटलेली हनुवटी, पसरलेला लाल रंग, चौकटींच्या मधला तो डोळा. मी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. डीपीचा फोन, गठ्ठा, खाच, स्पिरिट. काही गाळलं नाही. गाळण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

माझं बोलून झाल्यावर सासरे म्हणाले, "तुम्ही तिला मशीनमध्ये घातलंत."

"हो, बाबा."

"आणि नंतर स्पिरिटनं पुसलंत."

"हो."

ते परत खुर्चीत बसले. "मूळ फोटो बँकेच्या लॉकरमध्ये आहे," ते म्हणाले. "ही स्टुडिओतून काढलेली प्रत. आमच्या खात्यात अस्सल वजन कपाटाबाहेर काढत नसत. बाजारात न्यायला त्याची प्रत असे."

मला ते समजायला थोडा वेळ लागला. बायकोला लागला नाही. "बाबा," ती म्हणाली, "मी शुक्रवारपासून नीट जेवले नाहीये."

"मला काय माहीत असं काही होईल?"

"माहीत नव्हतं तर प्रत कशाला दिलीत?"

यावर सासऱ्यांनी पहिल्यांदाच नजर चुकवली. "तुझ्या नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बोललो नव्हतो."

मग त्यांनी मोठा फोटो पुन्हा हातात घेतला. "त्या स्टुडिओवाल्यानं रंगाचा घोळ घातलाय खरा. तुम्ही मात्र त्याचा घोळ तंतोतंत उतरवलात. हा स्वेटर असा नव्हता, विटकरी होता."

बायको माझ्याकडे वळली नाही, हा तिचा मोठेपणा. तिची पाठच पुरेशी बोलत होती. मी आठवडाभर मॉनिटरला खरं बोलायला शिकवलं होतं आणि त्यानं एका चुकीच्या फोटोबद्दल अगदी खरं खरं सांगितलं होतं.

सासरे अजून बघत होते. चष्मा न हलवता, हात लांब न करता, माणूस माणसाकडे बघतो तसे. "हसू बरोबर आलंय," ते म्हणाले. "तोवर हाच लावतो. विटकरी स्वेटरचा मग स्टुडिओतून करून घेईन."

"बाबा, मूळ आणून दिलात तर मीच," मी म्हणायला लागलो.

"नको," ते म्हणाले. "तोही चुकतो, पण फोटो परत देतो."

जेवणं झाली. बायको वाढताना दोनदा हसली, म्हणजे वादळ बरंचसं ओसरलं होतं. हात धुऊन (आणि या वेळी टॉवेलनं नीट पुसून) सासऱ्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुमच्या त्या मशीनमधून साधी काळी-पांढरी झेरॉक्स निघते का? पेन्शनच्या कामाला हवीये. रंगाचा काही प्रश्न नाही."

माझ्या अंगात एकदम उत्साह संचारला. मी प्रिंटर सुरू केला. त्यावरचा दिवा लुकलुकला आणि स्क्रीनवर, तिच्या खऱ्याखुऱ्या पांढऱ्या रंगावर, संदेश आला की काळी शाई संपली आहे.

तेव्हा मी त्यांना कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेलो. एवढं तरी नीट करावं म्हणून कागद द्यायला मी हात पुढे केला. सासऱ्यांनी तो कागद दुसऱ्या हातात घेतला, स्वतः पायरी चढले आणि मागे वळून मला म्हणाले, "तुम्ही जरा रस्त्याच्या पलीकडे थांबा."